जीभ दाखवायला लावणारे डॉक्टर

मिरजेतला लहान मुलांच्या सर्जनचा दवाखाना. पाचपैकी चार तारे. एक कापला तो बाहेरच्या गोंधळासाठी: नंबर घेऊनही तास-दीड तास बसावं लागतं आणि पैसे रोखच लागतात.

मी शिवणकाम करते. मुलाच्या युनिफॉर्मसाठी गळ्याचं माप घेताना हनुवटीच्या खाली, बरोब्बर मधोमध, बोराएवढी गाठ हाताला लागली. सर्दी झाली की फुगायची, लाल व्हायची. शेजारणींनी टीबीपर्यंत मजल नेली. आधीच्या डॉक्टरांनी दर वेळी अँटिबायोटिक लिहून दिलं, पण मानेला हात काही लावला नाही.

इथे डॉक्टरांनी मुलाला आधी पाणी प्यायला दिलं. घोटाबरोबर गाठ वर सरकली. मग म्हणाले, "आता आईला जीभ काढून चिडव बघू!" त्याला काय, तेच हवं होतं. जीभ बाहेर आली तशी गाठ पुन्हा वर! थायरॉइड पोटातल्या बाळाच्या जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून गळ्यात उतरते. त्या वाटेचा तुकडा बुजायचा राहिला की त्यात पाणी साठतं, ती थायरोग्लोसल सिस्ट. ब्रँकियल सिस्ट, म्हणजे मानेतली दुसरी एक जन्मजात गाठ, असती तर मानेच्या कडेला असती. डर्मॉइड, म्हणजे कातडीच्या पेशींची जन्मजात गाठ, मधोमध असली तरी सहसा जिभेबरोबर हलत नाही.

सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर त्यांनी मुद्दाम लिहिलं, 'थायरॉइड जागेवर आहे का पाहा.' का, ते विचारलं. क्वचित एखाद्या मुलाची ती गाठ हीच त्याची सगळी थायरॉइड असते, आणि ती काढली तर जन्मभर गोळ्या. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आमची जागेवर निघाली, देवाची कृपा. सीटी स्कॅन सांगितलाच नाही.

ऑपरेशन मात्र करावं लागणार, सिस्ट्रंक पद्धतीने. नुसती गाठ काढली तर बऱ्याचदा परत येते, म्हणून जिभेखालच्या, गळ्यातल्या छोट्या हायॉइड हाडाचा मधला तुकडा आणि जिभेच्या मुळाकडे जाणारी वाटही काढतात. शिवण उसवताना आतला दोरा राहिला तर कापड पुन्हा चुणतं, तसंच हे. गाठ सुजलेली असताना करत नाहीत, आधी सूज उतरवतात.

जुने रिपोर्ट असतील तर फिल्मसकट न्या. मोबाईलवरचा फोटो डॉक्टर बघत नाहीत. आणि शनिवारी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.