“येताना केस धुऊ नका हं”

माझ्या मुलीचे केस वयात आल्यापासून तेलकट. सकाळी न्हायली तरी संध्याकाळी लोकलमधून उतरेपर्यंत बटा कपाळाला चिकटलेल्या. कॉलेजात कुणीतरी बोललं आणि तिने ओढणी डोक्यावर घ्यायला सुरुवात केली. मला ते बघवेना. ठाण्यातल्या एका हेअर क्लिनिकची ‘मोफत तपासणी’ मीच ठरवली. फोनवर बजावलं होतं, “ताई, दोन दिवस केस धुऊ नका हं, म्हणजे रिपोर्ट बरोबर येतो.”

पांढऱ्या कोटातल्या बाईंनी पेनासारखा कॅमेरा टाळूवर टेकवला. पडद्यावर पिवळट थर. “मुळं कुजतायत. वर्षभरात टक्कल दिसेल.” पोरीचे डोळे भरले. मी तिथल्या तिथे आठ सिटिंगचे 24 हजार भरले. पहिल्या सिटिंगला शांपू, वाफ, पुन्हा शांपू. लगेच दुसरा फोटो, टाळू लख्ख! दोन दिवसांचं पारोसं डोकं आणि नुकतंच धुतलेलं डोकं, एवढाच तो फरक. तेव्हा लक्षात आलं नाही, याचा अजून संताप येतो.

घरी रोज रात्री लावायला लेबल नसलेलं तेल दिलं. तिसऱ्या आठवड्यात कानामागे आणि भुवयांत लाल चट्टे उठले, चिकट पिवळे खवले सुटू लागले. विचारलं तर म्हणे, “आतली घाण बाहेर पडतेय.”

मग गेलो त्वचारोगतज्ज्ञांकडे. हा सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे तेलकट त्वचेवर येणारा लाल, खवल्यांचा दाह, मुळंबिळं काही कुजलेली नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मॅलेसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच त्वचेवर असते, तेलकटपणावर जगते. वरून रोज तेल चोपडलं की तिला आयतं खाद्य. तेल बंद केलं. 2 टक्के किटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शांपू दिला, आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं ठेवून धुवायचा. महिन्याभरात चट्टे गेले. केस अजूनही तेलकट होतात, कारण तेलाच्या ग्रंथी हार्मोन्सवर चालतात, वाफेने त्या बंद होत नाहीत. हवं तर रोज सौम्य शांपूने धुवा, म्हणाले.

पावतीवर ना डॉक्टरचं नाव, ना नोंदणी क्रमांक; ‘पैसे परत मिळणार नाहीत’ तेवढं ठळक. पैसे भरण्याआधी हे बघा, मी बघितलं नव्हतं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, पावती आणि मेसेज जोडले. 11 हजार परत आले. तेलात काय होतं, ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती बाटली मी जपून ठेवली आहे.