सिस्को मॉडेलिंग लॅब्ज पर्सनल: एनार्सीच्या तयारीसाठी पैसे कधी मोजावेत?

एनार्सी, म्हणजे सिस्कोच्या सीसीएनपी एंटरप्राइज या नेटवर्किंग प्रमाणपत्रातला ३००-४१० हा पेपर, पाठांतरावर निघत नाही. ९० मिनिटं, ३०० डॉलर फी, आणि पुढच्या प्रश्नावर गेलात की मागे फिरता येत नाही. अभ्यासक्रमातला ३५ टक्के वाटा एकट्या लेयर-३ चा, म्हणजे राउटिंगचा: ईआयजीआरपी, ओएसपीएफ, बीजीपी हे राउटिंग प्रोटोकॉल आणि ते एकमेकांत मिसळल्यावर होणारे घोळ. लॅब लागतेच. मग पीसीवरच आभासी राउटर चालवणाऱ्या सिस्को मॉडेलिंग लॅब्जच्या, म्हणजे सीएमएलच्या, पर्सनल आवृत्तीला वर्षाचे १९९ डॉलर द्यावेत का? द्यावेत, पण पहिल्या दिवशी नाही.

फुकट आवृत्तीत ५ नोड (आभासी राउटर, स्विच वगैरे) चालतात, पर्सनलमध्ये २०. लॅब बाहेरच्या नेटवर्कला जोडणारा एक्स्टर्नल कनेक्टर आणि साधा अनमॅनेज्ड स्विच या हिशेबात धरत नाहीत. अर्धाअधिक अभ्यास ५ नोडांत उरकतो. लायसन्स वर्षाचं असतं, तेव्हा ओएसपीएफचे एरिया शिकायला ते विकत घेणं म्हणजे मीटर चालू ठेवून रिक्षा उभी करणं.

आधी मशीन तपासा. व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स आणि हायपर-व्ही इथे चालत नाहीत. व्हीएमवेअर वर्कस्टेशन किंवा ईएसएक्सआय लागतं, नाहीतर थेट मोकळ्या पीसीवर टाका. एम-सिरीजच्या मॅकचा नाद सोडा. विंडोजवर बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते: बायोसमध्ये व्हीटी-एक्स (प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय) चालू, तरी वर्कस्टेशन म्हणतं की या मशीनवर ते मिळत नाही. कारण हायपर-व्ही आधीच प्रोसेसर धरून बसलेला असतो. कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी आणि विंडोज फीचर्समधला हायपर-व्ही बंद करून रीस्टार्ट मारा. दुसरी चूक म्हणजे राउटरच्या इमेजेसची वेगळी आयएसओ फाइल न जोडताच पहिलं बूट करणं. मग लॅब उघडते, पण त्यात ठेवायला राउटरच नसतो. पासवर्डही दोन आहेत: एक लॅबच्या पानाचा, दुसरा ९०९० पोर्टवरच्या सिस्टिम पानाचा. ते लिहून ठेवा.

किमान ८ जीबी रॅम असं कागदावर आहे. त्यात फार काही होत नाही. आयओएसव्ही, म्हणजे सिस्कोचा साधा आभासी राउटर, ५१२ एमबी घेतो, म्हणजे २० राउटरना १० जीबी, वर सीएमएलचं स्वतःचं खाणं वेगळं. १६ जीबीच्या लॅपटॉपवर डझनभर राउटर आरामात; पूर्ण २० हवेत तर ३२ जीबी पाहा. कॅटॅलिस्ट ८०००व्ही एकटाच ४ जीबी मागतो आणि ९०००व्ही १८. एनार्सीसाठी आयओएसव्ही पुरतो, मोठ्या इमेजेसच्या मोहात पडू नका.

आता ५ नोडांतली सगळ्यात उपयोगी लॅब. चारच राउटर घ्या आणि चौकोनात जोडा. आर-१ ला आर-२ आणि आर-३ जोडलेले, तिथे ईआयजीआरपी. आर-४ लाही तेच दोघं, पण तिथे ओएसपीएफ. आर-१ वर १९२.१६८.५०.०/२४ चा लूपबॅक (आभासी इंटरफेस) करा आणि तो ईआयजीआरपीत रीडिस्ट्रिब्यूट करा, म्हणजे बाहेरचा राउट म्हणून त्यात घाला. आता आधी आर-२ वर आणि मग आर-३ वर दोन्ही बाजूंनी रीडिस्ट्रिब्यूशन लावा. ईआयजीआरपीकडे नेताना सीड मेट्रिक (राउटचा सुरुवातीचा खर्च) विसरलात तर राउट जाणारच नाहीत, आणि अर्धा तास भलतीकडेच शोधत बसाल.

मग आर-३ चं राउटिंग टेबल बघा. आर-१ शेजारी असूनही तो ५०.० ला जायला आर-४ चा वळसा घेतो. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेल्या, ईआयजीआरपी राउटचं डिस्टन्स (प्रोटोकॉलवरच्या विश्वासाचा आकडा) १७०, ओएसपीएफचं ११०. कमी आकडा जिंकला. खरी मजा पुढे आहे. आर-१ वरचा लूपबॅक शटडाऊन करा. राउट जायला हवा, पण जात नाही. आर-३ ओएसपीएफकडून ऐकलेलं ईआयजीआरपीत सांगतो, आर-१ ते आर-२ ला सांगतो, आर-२ पुन्हा ओएसपीएफला. ट्रेसराउट मारा: आर-१, ३, ४, २, परत १. मेलेलं नेटवर्क चौघं मिळून जिवंत ठेवतात.

उपाय दोन आहेत, कारण दुखणी दोन आहेत. रीडिस्ट्रिब्यूट करताना राउट-मॅपने (राउट निवडण्याच्या नियमांनी) टॅग, म्हणजे खुणेचा आकडा, लावा आणि परतीच्या वाटेवर तोच टॅग डिनाय करा, चक्कर थांबते. वळसा मात्र तसाच राहतो. त्यासाठी आर-२ आणि आर-३ वर ओएसपीएफच्या एक्स्टर्नल राउटचं डिस्टन्स १७१ करा. नुसता टॅग लावून खूश होणारे पेपरात इथेच फसतात.

एमपीएलएस व्हीपीएन, म्हणजे एकाच सेवादात्याच्या जाळ्यावर ग्राहकांची वेगवेगळी नेटवर्कं, आलं की ५ नोड तोकडे पडतात. दोन ग्राहक दाखवायचे तर दोन पीई (सेवादात्याचे काठावरचे राउटर), एक पी (त्याचा मधला), चार सीई (ग्राहकांचे) मिळून सात झाले. डीएमव्हीपीएन (गरजेनुसार शाखा थेट जोडणारं व्हीपीएन) फेज-३ ला हब (मुख्य राउटर), तीन स्पोक (शाखा), मधला इंटरनेट राउटर आणि वर एखादी मागची लॅन धरली की सहा. पैसे काढायची वेळ ही.

आता दोष. समोरच्या राउटरचा पोर्ट शट केला तरी अलीकडचा आयओएसव्ही पोर्ट अप/अपच दाखवतो. तार निघाल्याचं त्याला कळतच नाही, म्हणून फ्लोटिंग स्टॅटिक राउट (हाताने घातलेली राखीव वाट) वर येत नाही आणि ओएसपीएफ ४० सेकंदांचा डेड टायमर संपेपर्यंत शेजाऱ्याला धरून राहतो. कॉन्फिग चुकली असं समजून खोडत बसू नका. आयपी एसएलए ट्रॅकिंग (पलीकडचा पोहोचतो का, हे सतत तपासणं) लावा, तोही अभ्यासक्रमातच आहे. आयओएसव्हीतून साधारण २ एमबीपीएसपलीकडे ट्रॅफिक जात नाही, त्यामुळे वेगाची चाचणी इथे करू नये. लिंकवर डिले, जिटर, लॉस घालण्याची आणि ब्राउझरमध्येच पॅकेट पकडण्याची सोय मात्र झकास आहे. एका टोकाला आयपी एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) १४०० करून ओएसपीएफ एक्सस्टार्टमध्ये (शेजारी जोडण्याच्या अर्धवट टप्प्यात) का अडकतो, ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

जीएनएस-३ हे अशाच लॅबचं दुसरं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्यात घालायच्या सिस्कोच्या इमेजेस कायदेशीर कुठून आणणार? १९९ डॉलरमधले बरेचसे त्या इमेजेसचेच समजा.

नोड वाइप केला की त्याची डिस्क जाते, म्हणून आधी कॉन्फिग एक्स्ट्रॅक्ट करा. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर तर दर तासाला करा, लाइट विचारून जात नाही. आणि मशीन बदलण्याआधी लायसन्स डीरजिस्टर करा; ते एका वेळी एकाच ठिकाणी चालतं, आणि जुनं व्हीएम आधीच उडवलं असेल तर नव्या मशीनवर ते चढवताना अडचण येते.