घरघंटी: गव्हासाठी नको, नाचणीसाठी घ्या

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यागणिक एक घरघंटी व्हायची वेळ आलीय, आणि घ्यायच्या आधी प्रत्येक जण मला लिफ्टमध्ये गाठून एकच विचारतो, "पैसे वसूल होतात का गं?" होत नाहीत. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांचं काम इथेच झालं.

हिशेब बघा. घरात आम्ही दोघं, सासूबाई, सीनियर केजीतला मुलगा आणि दीड वर्षांची मुलगी. गहू, ज्वारी, तांदूळ मिळून महिन्याचं दळण पंधरा-सोळा किलो. खालच्या गिरणीत किलोला ८ रुपये, म्हणजे झाले सव्वाशे. घरघंटी पडली १८ हजारांना. मोटर एक अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॅट. तास चालली तर पाऊण ते एक युनिट खाते आणि तेवढ्या वेळात सात-आठ किलो गहू काढते. विजेचे वीस-पंचवीस रुपये वजा केले की महिन्याला हाती उरतात शंभर. अठरा हजार फिटायला पंधरा वर्षं. तोवर आमची धाकटी दहावी पास होऊन बसलेली असेल.

आणि पोळ्यांचं म्हणाल, तर गिरणीचंच पीठ चांगलं. बहुतेक घरघंट्यांत दगड नसतात. आत पोलादी पाती गरागरा फिरतात, दाणा फोडतात आणि जाळीतून बाहेर फेकतात. त्यामुळे पीठ कितीही बारीक जाळीवर काढलं तरी बोटाला किंचित रवाळ लागतं. कणीक मळून लगेच लाटायला घेतली तर पोळीच्या कडा चिरतात. अर्धा तास झाकून ठेवली, पाण्याचा हात थोडा सढळ ठेवला, की जमतं. सासूबाईंचं मत अजून बदललेलं नाही. त्या सिहोरी गव्हाचा डबा निमूटपणे माझ्या नवऱ्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "हा खाली टाकून ये." मीही काही बोलत नाही. गव्हाच्या बाबतीत त्यांचं खरं आहे.

मग घेतली कशाला? लहान पोरांसाठी.

लहान मूल घरात असलं की दळण किलोत नसतं, वाटीत असतं. अर्धा किलो नाचणी, पाव किलो खिमटाचे डाळ-तांदूळ, तीन वाट्या भाजलेली मूगडाळ. गिरणीत किलोच्या खाली घेत नाहीत, आणि घेतलं तरी पहिला प्रश्न असतो की कशावर दळायचं. ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू हा गिरणीचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे, पण नाचणीवर नाचणी घेऊन दुसरं कोण येणार? आमचे गिरणीवाले काका भला माणूस. "ताई, शनिवारी दुपारी या, बाजरी झाली की टाकतो," म्हणायचे. शनिवारी दुपारी कडेवर मुलगी, एका हातात डबा, दुसऱ्या हाताला लटकलेला मुलगा, आणि घरी येऊन बघावं तर नाचणीच्या पिठात हिरवट बाजरी. मोठ्या माणसाला काही होत नाही त्यानं. सात महिन्यांच्या बाळाला एका वेळी एकच नवीन धान्य द्यायचं ठरवलं असलं की मात्र चिडचिड होते.

माझी पद्धत सांगते, म्हणजे यंत्र नेमकं कुठे कामाला येतं ते कळेल. नाचणी जांभळी नाक्याच्या बाजारातून आणते, तिथे दाणा हातात घेऊन बघता येतो. पाच-सहा पाण्यांतून धुवायची. पहिली दोन-तीन पाणी विटकरी निघतात. रात्रभर भिजवून सुती फडक्यात बांधायची. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच पांढरे मोड डोकावतात, थंडीत जरा वेळ लागतो. मग पंख्याखाली धोतराच्या कापडावर पसरून सावलीत खडखडीत वाळवायची, मंद आचेवर नुसती गरम होईतो परतायची, पूर्ण गार करायची आणि सगळ्यात बारीक जाळीवर दळायची. नाचणीचा दाणा मोहरीएवढा, हॉपरचं, म्हणजे वर धान्य ओतायच्या खोक्याचं, खालचं झाकण नेहमीसारखं उघडलं तर बदाबदा आत जाते आणि मोटर घुसमटते. झाकण अगदी रेघभर उघडायचं. दळून झालं की वस्त्रगाळ.

मोड आणायचा खटाटोप उगाच नाही. मोड येताना दाण्यातला स्टार्च फुटायला लागतो, त्यामुळे त्या पिठाची पेज शिजल्यावर गोळा होऊन बसत नाही, सरसरीत राहते. म्हणजे त्याच वाटीत पीठ जास्त घालता येतं आणि एवढ्याशा पोटात जरा जास्त काही जातं. नाचणीतलं लोहही मोड आणल्यावर अंगी जास्त लागतं. कॅल्शियम तर तिच्यात मुळातच आहे, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. गव्हात त्याच्या आठवा हिस्साही नसतं. बाजारातल्या तयार डब्यांवरची बारीक अक्षरं वाचली तर बहुतेकांत साखर आणि दुधाची पावडर दिसते. मला नुसती नाचणी हवी होती.

पण या यंत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं काम जाळ्यांचं आहे. सोबत सहा जाळ्या आल्या, मैद्यासारख्या बारीकपासून दलियाच्या भरडीपर्यंत. मुलीचं खिमट मी सुरुवातीला सगळ्यात बारीक जाळीवर काढायची. खालचे दोन दात आले तशी पुढची जाळी लावली. वर्षाची झाली तोवर ती रव्याएवढं जाड खिमट खात होती, आणि आता भरड काढून त्याचा उपमाच करते. तांदूळ-मूगडाळ तीच, डबा तोच, फक्त जाळी बदलायची. मिक्सरमध्ये हे होत नाही. तिथे अर्धं पीठ होतं आणि अर्धे दाणे तसेच राहतात, आणि नेमका तो अख्खा दाणा पोरीच्या घशात जाऊन ठसका लागतो. मोठ्याच्या वेळी हे यंत्र घरात नव्हतं. तो दोन वर्षांचा होईतो गुळगुळीत सोडून काही गिळायचा नाही. दोन्ही पोरांचे स्वभाव वेगळे आहेत हे मान्य, पण माझ्या मते जाळ्यांचाही वाटा आहे.

भाजणीचंही तसंच. थालीपिठाची भाजणी दोन किलो करून ती महिनोन्‌महिने पुरवायची, मग तिला खवट वास, हे आता बंद. हवी तेव्हा पाऊण किलो. फक्त भाजलेलं धान्य पूर्ण गार झालं पाहिजे, कोमट घातलं तर वाफ धरते आणि जाळीची भोकं लिंपतात. बेसनाच्या लाडवाला रवाळ डाळ लागते, तीही मनासारखी निघते. दिवाळीच्या आधी गिरणीसमोर डब्यांची जी रांग लागते तिच्यातून सुटका हा वरचा नफा.

आता कटकटी. घेणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

आवाज. दुकानात म्हणाले, मिक्सरपेक्षा कमी. खरं आहे, पण मिक्सर दोन मिनिटं चालतो आणि ही अर्धा तास. मुलगी झोपली असताना लावता येत नाही, आणि ती जागी असताना लावली तर ती यंत्राला येऊन मिठी मारते. खालच्या मजल्यावरच्या काकूंना जमिनीतून घरघर जाणवायची. चाकांखाली रबरी चटई घातल्यावर त्यांची तक्रार थांबली. आमच्याकडे दळण सकाळी दहाला, मुलगा शाळेत गेला की.

जागा. दोन खोल्या-किचनच्या घरात तीन फूट उंचीचं कपाट कुठे ठेवायचं हा प्रश्न दुकानात सुचत नाही. आमची गॅलरीच्या दाराशी उभी आहे, वर इस्त्रीचे कपडे. गॅलरीत ठेवू नका. ठाण्याच्या पावसात एक जून-जुलै काढला की आतल्या पत्र्याला गंज धरेल. प्लग मोठ्या पिनांचा आहे, तेव्हा फ्रिजसारखा पॉईंट जवळ हवा.

सफाई. "आपोआप साफ होते" असं बॉक्सवर छापलेलं असतं. होते, मूठभर पीठ सोडून. ते पीठ आतल्या कोपऱ्यांत, जाळीच्या मागे आणि पिठाच्या डब्याला जोडलेल्या कापडी बाहीत अडकून बसतं. दोन आठवडे तसंच राहिलं तर पोरकिडे आलेच. प्रत्येक दळणानंतर दार उघडून ब्रश फिरवायचा, बाही महिन्यातून एकदा धुऊन उन्हात घालायची. आणि अर्धा किलोच दळत असाल तर त्यातलं मूठभर आत राहणं म्हणजे काही थोडं नव्हे. यावर माझा तोडगा असा की, आधी नाचणी, मग तांदूळ, शेवटी गहू असा क्रम लावायचा, म्हणजे बाळाचं पीठ स्वच्छ यंत्रावर निघतं आणि उरलंसुरलं मोठ्यांच्या पोटात जातं.

पावसाळा. जुलैत गहू सादळलेला असतो, हाताला नुसता गार लागतो. असा गहू जाळीत घातला की पीठ पडायचं बंद होतं आणि मोटर रडायला लागते. ऊन दाखवावं म्हटलं तर ऊन कुठाय? मी कढईत हलका गरम करून, गार करून घालते. मोड आलेली नाचणी तर त्या दिवसांत वाळतच नाही, आंबूस वास येतो. म्हणून मेमध्येच दोन महिन्यांची वाळवून, न दळता, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवते.

काय घालायचं नाही तेही सांगते: तीळ, शेंगदाणे, खोबरं, काहीही तेलकट. मिरची दळता येते असं दाखवतात, येतेही, पण मग आठवडाभर पोरं शिंकतात आणि पुढचं तांदळाचं पीठ तिखट लागतं. मिरची-मसाल्याला कुटून देणारा डंखच बरा.

पोरं आणि यंत्र याबद्दल दोन शब्द. दार उघडलं की मोटर आपोआप बंद पडते, हे मी घेतानाच दोन-तीनदा करून पाहिलं. हॉपरच्या तोंडावर आडव्या पट्ट्या आहेत, हात आत जात नाही. हात जात नाही, पण खेळण्यातल्या गाडीचं चाक जातं. मुलाला हॉपरमधले दाणे खाली सरकताना बघायचा भारी नाद. स्टुलावर उभा राहून तो मधोमध पडणारा खळगा बघत बसतो आणि "आई, भोवरा आला!" म्हणून ओरडतो. एकदा त्या भोवऱ्यात त्यानं चाक सोडलं. खडखड असा आवाज आला की बटण बंद करून, प्लग काढून मगच दार उघडायचं, हे मी सासूबाईंनाही शिकवून ठेवलं होतं, आणि त्या दिवशी त्याच घरी होत्या. जाळी फाटली होती, तीनशे रुपयांना नवी मिळाली. तेव्हापासून हॉपर भरला की वर जेवणाचं ताट पालथं घालतो. भोवरा बघायचा असेल तर आजी शेजारी हवी.

कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. आतली यंत्रणा बहुतेकांची सारखीच असते, बाहेरचा सनमायका आणि बटणांचे दिवे वेगळे. विक्रीनंतरची सेवा मात्र आमच्या वाट्याला यथातथाच आली. डेमोला येणारा माणूस आठवडाभर "आज येतो" म्हणत राहिला, आणि आल्यावर त्यानं गहू दळून दाखवला, नाचणीचं विचारलं तर "तेच, सेम" म्हणाला. सेम अजिबात नाही, वर लिहिलंच आहे. जाळ्या स्टीलच्या आहेत का, सुट्या मिळतात का आणि ठाण्यात मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. जास्तीचे हजार-दोन हजार घेऊन मागच्या बाजूला व्हॅक्यूम जोडून देतात, त्याच्या नादी लागू नका, एक चांगला ब्रश पुरतो. आपोआप धान्य सोडणाऱ्या मॉडेलपेक्षा हातानं झाकण कमी-जास्त करता येणारं घ्या, नाचणीला तेच लागतं.

ज्यांच्याकडे पोरं मोठी झालीत, घरात फक्त पोळ्या होतात आणि गिरणी खालीच आहे, त्यांनी हे अठरा हजार दुसरीकडे लावावेत. बाळ सहा महिन्यांचं व्हायला आलं असेल, किंवा घरात कुणाला गहू वर्ज्य असेल, तर दुसऱ्याच्या पिठाचा कण न लागलेलं दळण गिरणीत मिळणार नाही, तेव्हा घ्या; गहू वर्ज्य असेल तर मात्र यात गहू घालूच नका. दुकानात जाताना घरून अर्धा किलो नाचणी न्या आणि तीच दळून दाखवायला सांगा. आम्ही नेली होती. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे डेमोचा गहू आहे ना." सासूबाईंनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या. वीस मिनिटांत पीठ हातात पडलं, आणि आम्हाला जे मॉडेल दाखवत होते त्याच्याहून दोन हजारांनी स्वस्त मॉडेलवर ते जास्त बारीक निघालं.