शेवटच्या षटकापर्यंत टिकणारे रेकॉर्डिंग

टीव्हीवरील मालिका रेकॉर्ड करणे आणि सामना रेकॉर्ड करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बहुतेकांना पहिला महत्त्वाचा सामना हातचा गेल्यावरच कळते. मालिका ठरलेल्या वेळी संपते, सामन्याला तसे बंधन नसते. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना बरोबरीत सुटला, मग सुपर ओव्हर झाली आणि तीही बरोबरीत सुटली. ज्यांचे यंत्र वेळापत्रकातील वेळेला थांबले असेल त्यांच्या हाती त्या दिवसाचा गाभा सोडून बाकी सगळे उरले असणार. विम्बल्डनमध्ये २०१० साली इस्नर आणि माहू यांचा सामना तर तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटे चालला. म्हणून गेल्या काही वर्षांत मी स्वतः वापरून पाहिलेल्या स्वस्त मार्गांची पारख करताना चित्राची स्पष्टता आणि डिस्कची क्षमता यांच्याही आधी मी एकच प्रश्न विचारला आहे: सामना लांबला तर हे साधन चालू राहते का?

पहिला आणि सर्वांत कमी खर्चाचा मार्ग म्हणजे टीव्हीच्या मागील यूएसबी खाचेत हार्ड डिस्क लावणे. ज्या टीव्हीमध्ये रेकॉर्डिंगची सोय आहे, त्यात डिस्कखेरीज काही विकत घ्यावे लागत नाही, आणि टीव्ही येणारा प्रवाह जसाच्या तसा साठवत असल्याने चित्रात तसूभरही फरक पडत नाही. मात्र ही सोय केवळ टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरवरून, म्हणजे संकेतातून हवी ती वाहिनी पकडणाऱ्या भागावरून, दिसणाऱ्या वाहिन्यांपुरती असते. सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय केबलने जोडून सामने पाहणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही, आणि नेमकी हीच गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरांतसुद्धा छापलेली नसते. दुसरी अडचण अशी की टीव्ही डिस्क आपल्या पद्धतीने फॉरमॅट करतो आणि रेकॉर्डिंग स्वतःच्याच किल्लीने कुलूपबंद करतो; ती डिस्क संगणकाला जोडली तर त्यावरील काहीही चालत नाही, आणि टीव्हीचा मुख्य बोर्ड बदलावा लागला तर जुने सामने बहुधा त्याच्याबरोबरच गेले असे समजावे.

माझा या मार्गावरील विश्वास एका उपांत्य सामन्याने घालवला. रेकॉर्डिंग लावून मी बाहेर गेलो होतो, मधे दहा मिनिटे वीज गेली, आणि वीज परत आल्यावर टीव्ही आपल्या मर्जीने बंदच राहिला. त्या कंपनीच्या सेवा विभागाने मला मोठ्या सौजन्याने सांगितले की वीजपुरवठा खंडित न होऊ देणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. शिवाय ट्यूनर एकच असल्यामुळे रेकॉर्डिंग चालू असताना घरातील इतरांना दुसरी वाहिनी लावता येत नसे, आणि त्यावरून झालेले वाद मी येथे नोंदवत नाही.

दुसरा मार्ग, म्हणजे वाहिन्या पुरवणाऱ्या कंपनीचाच रेकॉर्डिंगची सोय असलेला बॉक्स, हा सशुल्क क्रीडा वाहिन्या पाहणाऱ्यांसाठी प्रत्यक्षात एकमेव सरळ मार्ग आहे, कारण त्या वाहिन्यांचा प्रवाह कूटबद्ध असतो आणि तो उलगडण्याचा अधिकार त्या बॉक्समधील कार्डालाच असतो. दोन ट्यूनरचा बॉक्स मिळत असेल तर एक ट्यूनरचा घेऊ नये. येथे वाचवलेले पैसे पहिल्याच आठवड्यात खटकतात. खरेदीपूर्वी दोन गोष्टी मात्र विचारून घ्याव्यात. रेकॉर्डिंगच्या शेवटी जास्तीची वेळ किती जोडता येते, ही पहिली. काही बॉक्समध्ये ही मर्यादा फारच तोकडी असते, आणि फुटबॉलच्या बाद फेरीत ३० मिनिटांचा जादा वेळ व त्यानंतर पेनल्टी धरल्या तर तासाभराचीसुद्धा शिल्लक राहत नाही. अशा बॉक्सवर सामन्यानंतरचा कार्यक्रमही रेकॉर्डिंगला लावून ठेवणे हा जुना पण खात्रीचा उपाय आहे. दुसरी गोष्ट, वर्गणी थांबवल्यावर आधी साठवलेले सामने दिसत राहतात का; अनेकदा उत्तर नकारार्थी असते, आणि मग आपण डिस्क विकत घेतली असली तरी त्यातील सामने भाड्याचेच ठरतात.

क्लाउडवर रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या सेवांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. डिस्कचा खर्च वाचतो, वीज गेल्याची भीती उरत नाही, परंतु साठवलेला सामना किती दिवस राहील हे सेवा देणारा ठरवतो, आणि ॲप उघडताच पहिल्या चित्रावरच विजेत्या कर्णधाराच्या हातात चषक दिसतो.

तिसरा मार्ग मी केवळ इशारा म्हणून नोंदवतो. बॉक्सची एचडीएमआय केबल अगदी स्वस्त कॅप्चर यंत्राला जोडायची आणि संगणकावर रेकॉर्ड करायचे, ही कल्पना ऐकायला छान आहे. बॉक्समधून बाहेर पडणाऱ्या संकेताला एचडीसीपी नावाचे नक्कल रोखणारे संरक्षण असते आणि प्रामाणिक कॅप्चर यंत्र त्यापुढे काळा पडदा दाखवते. संरक्षण नसलेल्या संकेतावरही स्वस्त यंत्रे पूर्ण एचडी चित्र सेकंदाला ३० चौकटींनीच टिपतात, तर सामन्याच्या प्रक्षेपणात सेकंदाला ५० किंवा ६० वेळा चित्र बदलत असते. बातम्या पाहताना हा फरक जाणवणार नाही. वेगवान गोलंदाजाचा चेंडू मात्र टप्पा पडण्याआधीच दोन ठिकाणी उमटल्यासारखा दिसतो. त्यातच काही तास रिमोटचे बटण दाबले गेले नाही की बॉक्स आपोआप झोपी जातो, आणि सकाळी आपल्याला निळ्या पडद्याचे उत्तम प्रतीचे पाच तासांचे रेकॉर्डिंग मिळते.

ज्यांचे सामने निःशुल्क, कूटबद्ध नसलेल्या वाहिन्यांवर येतात, त्यांच्यासाठी चौथा मार्ग मला सर्वांत किफायतशीर वाटतो, आणि सध्या मी तोच वापरतो. आपल्या प्रक्षेपण पद्धतीला जुळणारा यूएसबी ट्यूनर किंवा एचडीहोमरनसारखा घरातल्या नेटवर्कला जोडायचा ट्यूनर, एखादा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, आणि टीव्हीहेडएंड ही रेकॉर्डिंगची विनामूल्य प्रणाली एवढ्यावर काम भागते. मांडणी करायला माझी एक पूर्ण सुट्टी गेली, हे लपवत नाही. वाहिन्यांचा शोध, कार्यक्रम-सूची आणि फायलींच्या परवानग्या यांत नवखा माणूस सहज अडकतो, आणि ज्याला संगणकाशी झटापट करण्याची हौस नाही त्याने या वाटेला जाऊ नये. ट्यूनर घेताना त्याची जात तपासावी लागते, कारण अँटेनाचा, केबलचा आणि उपग्रहाचा ट्यूनर एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

मात्र एकदा घडी बसली की ही व्यवस्था तक्रारीला जागा ठेवत नाही. सुरुवातीला आणि शेवटी हवी तेवढी मिनिटे कायमची जोडून ठेवता येतात. एकाच लहरीवरून एकत्र येणाऱ्या दोन-तीन वाहिन्या एकाच ट्यूनरवर एका वेळी रेकॉर्ड होतात. वीज जाऊन आली तर वीज येताच आपोआप सुरू होणारा छोटा संगणक उरलेला सामना पुन्हा पकडतो. आणि तयार होणारी फाइल कोणत्याही यंत्रावर चालते. वाहिनीने पाठवलेल्या ‘कार्यक्रम चालू आहे’ या खुणेवरून रेकॉर्डिंग थांबवण्याचीही सोय आहे, परंतु सर्व वाहिन्या ती खूण वेळेवर बदलत नाहीत, त्यामुळे मी तिच्यावर विसंबत नाही.

डिस्कच्या बाबतीत विक्रेता सांगतो तितके मोठे मन करण्याची गरज नाही. सेकंदाला ८ मेगाबिट या वेगाने येणारा एचडी प्रवाह तासाला ३.६ जीबी जागा घेतो, म्हणजे १ टीबी डिस्कवर साधारण पावणेतीनशे तास मावतात. डिस्क एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नसावी, कारण तिच्यात एका फायलीला ४ जीबीची मर्यादा असते आणि सामना पहिल्या तासानंतर लवकरच तुटतो. पेन ड्राइव्ह टाळावा. चालू प्रक्षेपण मागे-पुढे करण्यासाठी सतत होणारे लेखन त्याला फार काळ सोसत नाही.

जागेची ही चणचण एकेकाळी खरी होती. १९७५ साली आलेल्या बीटामॅक्सच्या सुरुवातीच्या कॅसेटवर एकच तास मावत असे, पुढच्या वर्षी आलेल्या व्हीएचएसवर दोन, आणि त्या काळी सामन्याचा कोणता भाग सोडायचा हे आधीच ठरवावे लागे. आज जास्तीच्या दीड तासाला साडेपाच जीबीसुद्धा लागत नाहीत, म्हणून मी प्रत्येक सामन्यामागे तेवढी वेळ डोळे मिटून जोडतो. त्याचा एक फायदा मला नंतर लक्षात आला. यंत्र सामना संपताच थांबत असते, तर पडद्याखालच्या पट्टीची लांबी पाहूनच सामना लवकर आटोपला की सुपर ओव्हरपर्यंत गेला हे उघड झाले असते. आता ती पट्टी सामन्यागणिक नियोजित वेळ अधिक दीड तास एवढीच दिसते, आणि तिच्यावरून निकालाचा काहीही थांग लागत नाही.