रात्रभर इंजिन मॅच चालवणाऱ्यांसाठी : यूपीएस वापरून झाल्यावरचा अनुभव

स्टॉकफिश, एलसी झिरो वगैरे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे इंजिनांच्या, आपापसातल्या मॅचेस पीसीवर रात्रभर लावून झोपणाऱ्यांसाठी लिहितोय, बाकीच्यांना हा येडेपणाच वाटणार. मी राहतो उद्यमनगरजवळ, म्हणजे लाईट जाते ती जातेच, वर शेजारच्या वर्कशॉपात वेल्डिंग सुरू झालं की व्होल्टेज डुलायला लागतंय. वळवाच्या आधी 1000 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) लाईन इंटरॅक्टिव्ह, म्हणजे व्होल्टेज हललं तर स्वतःच सावरणारा यूपीएस घेतला, आता दिवाळी पण झाली.

घरात इन्व्हर्टर असताना हे कशाला, असं बाबा पण म्हणाले. पण इन्व्हर्टर नॉर्मल मोडला असला की लाईट गेल्यावर ट्यूब फक्त मिचकावते आणि पीसी मात्र रिस्टार्ट होतो, कारण एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, साधारण 16 मिलीसेकंदच तग धरतो आणि इन्व्हर्टरला बॅटरीवर जायला त्याहून जास्त वेळ लागतो. यूपीएस त्याच्या आत बॅटरीवर जातो. आणि 1000 व्हीए म्हणजे 1000 वॅट नव्हे, ह्याच्यावर 600 वॅट लिहिलंय, दुकानदार आपणहून सांगत नाहीत. आठही कोर फुल्ल चालू, मॉनिटर बंद, असं असताना माझा पीसी दीडशे वॅटच्या आसपास खातो आणि अर्धा तास आरामात निघतो.

आता 60 सेकंद अधिक 0.6 च्या (प्रत्येक बाजूला 60 सेकंद, वर दर चालीला 0.6 सेकंद) गेमला अर्धा तास म्हणजे लई झाला. पण 15 मिनिटं अधिक 10 सेकंदाचा गेम 80 चालींपर्यंत लांबला की तासाच्या जवळ जातो, आणि झाड पडून गेलेली लाईट आपल्याकडं अर्ध्या तासात कधी आलीय सांगा? म्हणून बॅकअप किती मिनिटं हे नंतर विचारा, आधी मागं यूएसबी पोर्ट आहे का आणि लिनक्सवर नेटवर्क यूपीएस टूल्सला म्हणजे एनयूटीला (यूपीएसशी बोलणारं सॉफ्टवेअर) तो यूपीएस दिसतो का ते बघा. लाईट गेल्याचं पीसीला त्या यूएसबी केबलवरूनच कळतं, खरी किंमत तिची आहे.

माझ्याकडं असं लावलंय की लाईट गेल्याचा सिग्नल आला की 30 सेकंद थांबायचं, कारण बऱ्याचदा ती लगेच येते, नाही आली तर फास्टचेसला (मॅच चालवणारा प्रोग्रॅम) कंट्रोल सी दाबल्यासारखा, म्हणजे थांब असा सिग्नल जातो, तो झालेले निकाल कॉन्फिग फाईलमध्ये लिहून बंद होतो, मग पीसी शटडाऊन, आणि सगळ्यात शेवटी यूपीएसलाच स्वतःचं आऊटपुट तोडायला सांगायचं. हे शेवटचं बरेच जण सोडतात. आऊटपुट चालूच राहिलं तर लाईट गेली होती हे पीसीला कळतच नाही, मग बायॉसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) 'पॉवर आली की चालू हो' करून ठेवलं तरी पहाटे पीसी गपगार पडलेला. सगळ्या यूपीएसला हे जमत नाही, घेताना विचारा.

फास्टचेस त्या फाईलवरून पुढं चालू होतो. क्यूटचेस ह्या तसल्याच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये संपलेले गेम पीजीएनमध्ये (चालींची फाईल) सेफ असतात पण टूर्नामेंट आपोआप पुढं जात नाही, किती राहिले ते हातानं मोजून परत लावावं लागतं. अर्धवट गेमच्या पोझिशनवरून पुढं खेळवायच्या भानगडीत मी पडत नाही, हॅश, म्हणजे इंजिननं आधी केलेल्या हिशोबाची मेमरी, रिकामा झालेला असतो, घड्याळाचा पण पत्ता नसतो. तीच ओपनिंग (ठरवून दिलेल्या सुरुवातीच्या चाली) दोन्ही रंगांनी परत खेळवायची, विषय संपला.

लॅपटॉपला बॅटरी असतेच की, असं म्हणणारे भेटतात. पण चार्जर बंद झाला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही हळू होतात, आणि सारख्या प्रमाणात होत नाहीत. स्टॉकफिश प्रोसेसरवर आणि एलसी झिरो ग्राफिक्स कार्डवर चालत असेल तर लाईट गेल्यानंतरचे गेम वेगळ्याच मशीनवर खेळल्यासारखे होतात, तो रिझल्ट मी तरी धरणार नाही.

वैताग दोन. व्होल्टेज हललं की आतला रिले (आपोआप बदलणारा स्विच) टकटक करतो, त्याला इलाज नाही. बीपर रात्री अख्खं घर उठवतो, तो एनयूटीमधूनच बंद केला. आत 12 व्होल्ट 7 एएचच्या (अँपिअर-अवर) दोन बॅटऱ्या आहेत, दोन-तीन वर्षांनी बदलाव्या लागणार हे धरूनच घ्या.