घसारा कमी दाखवून फुगवलेला नफा: वेस्ट मॅनेजमेंटच्या भागधारकांना कसं फसवलं गेलं

शेअर घेताना बहुतेक जण विक्री बघतात, नफा बघतात, फार तर कर्ज बघतात. घसाऱ्याच्या ओळीवर नजर ठरत नाही. 'तो नुसता कागदावरचा खर्च, त्यात खिशातून पैसे जात नाहीत,' असं ऐकून ऐकून डोक्यात बसलेलं असतं. हे अर्धंच खरं आहे. पैसे गेलेलेच असतात, फक्त आधी, यंत्र घेतलं त्या दिवशी. तो गेलेला पैसा कोणत्या वर्षाच्या नफ्यातून किती वजा करायचा, एवढंच घसारा ठरवतो. आणि हे ठरवणं कंपनीच्या हातात असतं.

अमेरिकेतल्या वेस्ट मॅनेजमेंट या कचरा उचलणाऱ्या मोठ्या कंपनीत याच हाताने सहा वर्षं लबाडी झाली. फेब्रुवारी 1998 मध्ये कंपनीने कबूल केलं की 1992 पासून 1997 च्या तिसऱ्या तिमाहीपर्यंत करपूर्व नफा सुमारे 170 कोटी डॉलरने जास्त दाखवला होता. शेअर एक तृतीयांशाहून अधिक कोसळला आणि भागधारकांचे 600 कोटी डॉलरहून जास्त बुडाले. मार्च 2002 मध्ये अमेरिकी बाजार नियामक एसईसीने संस्थापक डीन बंट्रॉक आणि इतर पाच माजी अधिकाऱ्यांवर खटला भरला. यात बनावट ग्राहक किंवा खोटी बिलं हा मुद्दा नव्हता. ट्रक खरे होते, कचराही खरा होता. खोटे होते ते ट्रक आणि जमिनीबद्दलचे अंदाज.

घसारा तीन गोष्टींवर उभा असतो: मूळ किंमत, उपयुक्त आयुष्य आणि शेवटी मिळणारी भंगाराची किंमत. पहिली गोष्ट बिलावर छापलेली असते, उरलेल्या दोन अंदाजाच्या. एसईसीच्या आरोपानुसार कंपनीने कचऱ्याच्या गाड्यांचं आयुष्य लांबवलं, त्यांची भंगार किंमत आधाराशिवाय फुगवली आणि ज्या वस्तूंना आधी भंगार किंमत धरलीच जात नव्हती त्यांनाही मनमानी किंमत लावली.

याने काय फरक पडतो ते एका गाडीवर बघू. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कंपनीच्या वहीतले नाहीत. ट्रक 1,50,000 डॉलरचा, आयुष्य 8 वर्षं, भंगार किंमत शून्य. सरळ रेषा पद्धतीने, म्हणजे दरवर्षी सारखी रक्कम वजा केली तर, वर्षाला 18,750 डॉलर घसारा. आता आयुष्य 10 वर्षं करा आणि भंगार किंमत 25,000 धरा. घसारा 12,500 वर येतो. एका गाडीमागे वर्षाला 6,250 डॉलर नफा वाढला, आणि असे 10,000 ट्रक असतील तर 6 कोटी 25 लाख. एकही जादा ग्राहक मिळाला नाही, एक पिंपही जास्त उचललं गेलं नाही.

पण हा नफा पुढच्या वर्षांकडून उसना घेतलेला असतो. तोच ट्रक आठ वर्षांनी खरोखर मोडीत निघाला आणि 5,000 डॉलरला गेला, तर वहीत त्याची किंमत अजून 50,000 असते. म्हणजे 45,000 चा तोटा एकदम दाखवावा लागतो. तो टाळायचा तर आणखी गाड्यांचं आयुष्य वाढवावं लागतं. एकदा केलेली लबाडी दरवर्षी थोडी मोठी करावी लागते ती यामुळेच. वेस्ट मॅनेजमेंटमध्ये वर्षाचं नफ्याचं लक्ष्य आधी ठरायचं आणि ते गाठायला जेवढं कमी पडेल तेवढे फेरफार मुख्यालयातून, सगळे हिशेब एकत्र करताना वरच्या वर टाकले जायचे, असं एसईसीचं म्हणणं होतं.

दुसरा हात लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा पुरायच्या जमिनीत होता. साध्या जमिनीवर घसारा लागत नाही, हे आपल्याला पाठ असतं. कचरा पुरायची जागा मात्र भरत जाते आणि भरली की संपते, म्हणून तिची किंमत भरल्या गेलेल्या जागेच्या प्रमाणात खर्ची टाकावी लागते. 2 कोटी डॉलर खर्चून तयार केलेल्या जागेत 40 लाख घनयार्ड कचरा मावत असेल, तर दर घनयार्डाला 5 डॉलर खर्च. 'पुढे विस्ताराची परवानगी मिळेल' असं धरून क्षमता 80 लाख लिहिली, तर खर्च थेट अडीच डॉलर होतो. परवानगी मिळालेली नसते, नफा मात्र आजच वाढलेला दिसतो. ही युक्ती कुठेही चालते, म्हणून सांगितली. वेस्ट मॅनेजमेंटवरचा आरोप असा होता की जागा भरत गेली तसा खर्च लिहिलाच गेला नाही, आणि जे लँडफिल प्रकल्प फसले किंवा सोडून दिले त्यांचा खर्चही नफ्यातून वजा केला गेला नाही.

तिसरा हात तोटे झाकण्याचा. 1995 मध्ये एका व्यवहारातून कंपनीला 16 कोटी डॉलरचा एकवेळचा फायदा झाला. तो वेगळा दाखवायला हवा होता. त्याऐवजी तेवढ्याच रकमेचा असंबंधित खर्च आणि जुन्या चुका त्यासमोर ठेवून दोन्ही गुपचूप वळते केले गेले. भागधारकाला ना फायदा दिसला, ना चुका.

आणि लेखापरीक्षक? आर्थर अँडरसनला चुका माहीत होत्या. दुरुस्तीच्या नोंदी त्यांनी सुचवल्या, कंपनीने नाकारल्या, तरी अहवालावर स्वच्छ शेरा पडला. जुन्या चुका पुढच्या अनेक वर्षांत हळूहळू जिरवायचा लेखी आराखडाही दोघांत ठरला होता. 1997 पर्यंत या कंपनीचा प्रत्येक वित्तप्रमुख आणि मुख्य लेखाधिकारी आधी अँडरसनमध्येच काम केलेला होता. जून 2001 मध्ये अँडरसनने आरोप मान्य किंवा अमान्य न करता 70 लाख डॉलर दंड भरला. म्हणून 'ऑडिट झालंय ना' एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

'आम्ही एबिटडा (व्याज, कर, घसारा आणि अमॉर्टायझेशन वजा करण्याआधीचा नफा) बघतो, आम्हाला हे लागू नाही,' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. एबिटडा घसाऱ्याच्या आधी थांबतो, त्यामुळे ट्रकची लबाडी त्यात दिसतच नाही. उलटी लबाडी तर एबिटडालाच फुगवते. जून 2002 मध्ये उघड झालेल्या वर्ल्डकॉम प्रकरणात दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरण्याचं भाडं, म्हणजे रोजचा खर्च, मालमत्ता म्हणून लिहिला गेला होता. पहिल्या घोषणेतच ती रक्कम 380 कोटी डॉलरहून अधिक होती. खर्च मालमत्तेत गेला की एबिटडातून नाहीसा होतो आणि पुढे वर्षानुवर्षं घसारा बनून झिरपत राहतो.

आता तुमच्या हातातला भारतीय कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. नफा-तोटा पत्रकावरची घसाऱ्याची ओळ घेऊ नका. 1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 नुसार (इंड एएस म्हणजे भारतीय लेखामानकं) भाड्याच्या जागांचा बहुतेक खर्चही घसारा म्हणून त्याच ओळीत येतो, आणि अमॉर्टायझेशनही, म्हणजे सॉफ्टवेअर, पेटंट अशा अमूर्त मालमत्तेचा घसारा, तिथेच असतं. मागे टिपांमध्ये जा. 'प्रॉपर्टी, प्लँट अँड इक्विपमेंट' या टिपेत प्रत्येक वर्गाचा ग्रॉस ब्लॉक (घसारा वजा करण्याआधीची मूळ किंमत), त्यात पडलेली भर, विक्री, वर्षाचा घसारा आणि साचलेला घसारा असा तक्ता असतो. मालकीची जमीन वगळा. उरलेल्या ग्रॉस ब्लॉकची वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची सरासरी काढा आणि वर्षाच्या घसाऱ्याला तिने भागा. सरासरी 1,000 कोटी आणि घसारा 70 कोटी असेल तर दर 7 टक्के, म्हणजे मालमत्तेचं आयुष्य साधारण 14 वर्षं धरलं आहे. पुढच्या वर्षी सरासरी 1,200 कोटी झाली आणि घसारा 66 कोटींवर उतरला, तर दर साडेपाच टक्के. आयुष्य 18 वर्षांवर गेलं. यंत्रं वाढली आणि घसारा घटला, तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. हाच दर त्याच धंद्यातल्या दोन-तीन कंपन्यांचा काढून शेजारी ठेवा.

एक खड्डा इथे आहे. इंड एएस लागू करताना बऱ्याच कंपन्यांनी त्या दिवशीची निव्वळ किंमत (साचलेला घसारा वजा करून उरलेली) हीच मूळ किंमत मानली. त्यांचा ग्रॉस ब्लॉक त्यामुळे खऱ्यापेक्षा लहान दिसतो आणि दर जास्त येतो. त्या कंपनीची तुलना तिच्याच मागच्या वर्षांशी करा, दुसऱ्या कंपनीशी नको.

कंपनी कायदा 2013 च्या दुसऱ्या अनुसूचीत आयुष्यं दिलेली आहेत: सर्वसाधारण यंत्रसामग्री 15 वर्षं, कारखान्याची इमारत 30, फर्निचर 10, संगणक 3, सर्व्हर 6, भाड्याने चालवायचे ट्रक 6 आणि बाकीचे 8. अवशिष्ट किंमत, म्हणजे वरची भंगार किंमत, सहसा मूळ किमतीच्या 5 टक्क्यांहून जास्त नसावी असंही तिथे आहे. कंपनी याहून वेगळं धरू शकते, पण तसं उघड सांगून त्याचं समर्थन तांत्रिक सल्ल्यासह द्यावं लागतं. लेखाधोरणांच्या टिपेत 'टेक्निकल असेसमेंट' हे शब्द शोधा. शेजारी वर्षं लिहिलेली असतील तर ती अनुसूचीशी ताडून बघा. 'तांत्रिक मूल्यमापनावर आधारित' एवढंच मोघम वाक्य असेल तर सावध व्हा. अंदाज याच वर्षी बदलला असेल तर त्याचं स्वरूप आणि नफ्यावर झालेला परिणाम रुपयांत द्यायला हवा. अंदाजातला बदल पुढच्या काळासाठीच लागू होतो, जुन्या वर्षांचे आकडे बदलत नाहीत. म्हणून शेजारी छापलेलं मागचं वर्ष तुलनेला फसवं ठरतं.

सगळ्यात बोलका पुरावा मात्र छोट्याशा ओळीत असतो: मालमत्ता विकून झालेला तोटा. एखाद्या वर्षी तो होणं स्वाभाविक आहे. दरवर्षी होत असेल तर त्या वस्तूंवर पुरेसा घसारा लागलाच नव्हता, आणि उरलेल्या वस्तूंवरही लागत नसावा. वरच्या ट्रकचे 45,000 आठवा. उत्पादन करणाऱ्या किंवा वाहनं चालवणाऱ्या कंपनीत ही ओळ पाच वर्षं मागे जाऊन वाचावीच.

कॅपिटल वर्क-इन-प्रोग्रेसवर, म्हणजे उभारणी चालू असलेल्या मालमत्तेवर, घसारा लागत नाही, कारण ते काम 'अजून पूर्ण व्हायचं' असतं. म्हणून नको असलेला खर्च ठेवायला ही सोयीची कोठी आहे. 2021-22 पासून कंपन्यांना तिचं वयोमान द्यावं लागतं: एक वर्षाहून कमी, एक ते दोन, दोन ते तीन, आणि तीनहून जास्त. शेवटचा रकाना वाढत असेल तर प्रकल्प एक तर रखडला आहे किंवा सुरू होऊनही घसारा चालू केलेला नाही. तयार होत असलेल्या अमूर्त मालमत्तेचा असाच तक्ता असतो. सॉफ्टवेअर आणि औषध कंपन्यांत तो अधिक महत्त्वाचा, कारण तिथे पगारच 'विकासखर्च' म्हणून मालमत्तेत जातात. गुडविलवर, म्हणजे दुसरी कंपनी घेताना तिच्या मालमत्तेहून जास्त मोजलेल्या किमतीवर, इंड एएसनुसार अमॉर्टायझेशन होत नाही, फक्त दरवर्षी मूल्यघट तपासावी लागते. म्हणून बाकी अमूर्त मालमत्तेशी ते एकत्र मोजू नका.

शेवटी रोकड प्रवाह पत्रक. घसारा कमी लावला तर नफा वाढतो, पण या पत्रकात नफ्यात पुन्हा मिळवली जाणारी घसाऱ्याची रक्कम तेवढीच घटते, म्हणून धंद्यातून आलेली रोकड हलत नाही. नफा दरवर्षी वर आणि ही रोकड तिथल्या तिथे, असं दोन-तीन वर्षं दिसलं तर घसारा तपासायचाच. खर्च मालमत्तेत टाकण्याची लबाडी मात्र या पत्रकालाही चकवते, कारण गेलेला पैसा गुंतवणुकीच्या भागात दिसतो. तिथे धंद्याच्या रोकडीतून भांडवली खर्च वजा करून उरलेली रक्कम बघा.

फरक सापडला आणि कारण टिपेत मिळालं नाही, तर कंपनी सचिवांना ईमेलने नेमका प्रश्न विचारा: कोणत्या वर्गाचं आयुष्य किती धरलं, कधी बदललं, आणि त्याने या वर्षीचा घसारा किती रुपयांनी घटला. शेअर असेल तर हाच प्रश्न वार्षिक सभेआधी लेखी पाठवता येतो. आकड्यात उत्तर येईपर्यंत त्या कंपनीत नवे पैसे घालू नका.