हजाराच्या चलानाचे साडेअठरा हजार

2024 च्या गणपतीत मी सुट्टीवर कुडाळला आलो होतो. मामांना बांबोळीला दाखवायचं होतं. आमच्याकडे मोठं दुखणं आलं की गोवा मेडिकल, हे ठरलेलं. मामांच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं, सीट बेल्टचा पट्टा टाक्यांवर टोचतो म्हणून त्यांनी तो लावला नाही आणि मीही आग्रह धरला नाही. गोव्याच्या हद्दीत कुठल्याशा कॅमेऱ्याने पुढच्या सीटवरचे मामा बरोबर टिपले.

सुट्टी संपवून मी राजस्थानात युनिटला परतलो आणि इकडे बाबांच्या फोनवर चलानाचा मेसेज आला. गाडी माझ्या नावावर, पण घेताना शोरूममध्ये नंबर बाबांचा दिला होता. मी बाहेर, फोन कधी लागतो कधी नाही, म्हणून. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

बाबा तो मेसेज घेऊन बाजारात गेले. तिथे झेरॉक्सच्या दुकानात बसून आरटीओची कामं करून देणारा एक माणूस आहे. नाव लिहीत नाही, तक्रार दिलेली आहे. दहा वर्षांची ओळख, माझं लायसन्सही त्यानेच काढून दिलेलं. त्याने मेसेज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "काका, हे साधं नाही. परराज्यातलं प्रकरण, त्यात मुलगा फौजी." बाबांनी तिथेच साडेतीन हजार रोख मोजले. मला सांगितलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, "तुका थंय कित्याक तरास देवचो?"

आठ-दहा दिवसांनी त्या माणसाचा मला फोन आला. रात्रीचे साडेनऊ, मी ड्युटीवरून नुकताच आलेलो. सांगायची पद्धत अशी, की आपल्यावर उपकारच चाललेत असं वाटावं. गोव्याच्या कोर्टात तुम्हाला स्वतः उभं राहावं लागेल. नाही गेलात तर वॉरंट. वॉरंटचं पत्र थेट कमांडिंग ऑफिसरच्या टेबलावर. वकील उभा केला तर मिटेल, नऊ हजार. आणि हे तिकडे कुणाशी बोलू नका, लष्कराचे फोन ऐकले जातात.

माझा हवालदारकीचा कॅडर, म्हणजे बढतीचा कोर्स, तोंडावर होता. ज्याने फौजेत नोकरी केली आहे त्याला हे वाक्य पुरेल. रेकॉर्डवर लाल शाईचा ठिपका नको, एवढंच डोक्यात. चलान कितीचं, कुठल्या कलमाखाली, हे मी विचारलंसुद्धा नाही. त्याने दिलेल्या नंबरवर नऊ हजार पाठवले. पैसे जाताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं, तेही दिसलं. वकिलाची बायको असेल, अशी समजूत मीच घालून घेतली.

डिसेंबरात त्याने बाबांना पुन्हा गाठलं. वॉरंट निघालं आहे, रद्द करायला सहा हजार. बाबांनी आंबा-काजूच्या पैशातून ठेवलेले काढून दिले. मग एक पावती मिळाली. अशोकस्तंभ, गोल शिक्का, खाली कुणाची तरी सही. बाबांनी ती लॅमिनेट करून गाडीच्या डॅशबोर्डात ठेवली.

शिमग्याला घरी आलो. मेव्हण्याला आणायला मोपा विमानतळावर निघालो, तर गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला पोलिसांनी गाडी बाजूला घेतली. हवालदाराने हातातल्या मशीनवर नंबर टाकला. "चलान पेंडिंग आसा." मी ऐटीत लॅमिनेट केलेली पावती पुढे केली. त्याने ती उलटसुलट केली आणि हसला. "हे पावतेर चलानाचो नंबरूच ना मरे."

मग त्यानेच शांतपणे दाखवलं, आणि माझे कान गरम झाले. परिवहनच्या ई-चलान साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे आकडे टाकले की सगळं समोर येतं: तारीख, वेळ, जागा, कलम, फोटो. फोटोत मामा पोटावर हात ठेवून बसलेले. कलम 194ब, सीट बेल्ट. दंड 1,000 रुपये. जैसलमेरच्या वाळूत बसूनही मोबाईलवर भरता आला असता.

तिथेच भरायला गेलो, तर ओटीपी अर्थातच बाबांच्या फोनवर गेला. फोन केला तर ते सांगेनात. "ओटीपी कोणाक सांगाचो नाय, तूच सांगललंस मा?" मागे गाड्यांची रांग, मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बापाला पटवतोय की मी तुमचा मुलगाच आहे. ज्याला ओटीपी द्यायला नको होता त्याने तो कधी मागितलाच नाही, रोख मागितली.

त्या रात्री आमच्या जुन्या सुभेदार साहेबांना फोन लावला. आधी पोटभर शिव्या घातल्या, मग समजावलं. असल्या चलानात दंड भरला की मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 प्रमाणे प्रकरण तिथेच संपतं, पुढे कारवाई नाही. न भरल्यामुळे कोर्टात गेलं, तरी किरकोळ गुन्ह्यात कलम 208 आहे. वकिलामार्फत हजर राहता येतं, किंवा समन्समध्ये तशी मुभा दिली असेल तर गुन्हा कबूल असल्याचं पत्र आणि रक्कम पाठवून मोकळं होता येतं. सीट बेल्टच्या हजार रुपयांसाठी कोण सीओ साहेबांना पत्र लिहीत बसलंय, असं ते म्हणाले. हा फोन मी सप्टेंबरात करायचा होता. लाज वाटली म्हणून केला नाही, आणि त्या माणसाचा धंदा नेमका त्या लाजेवर चालतो.

गाडीच्या नोंदीतला मोबाईल नंबर मी आता माझा करून घेतलाय. हे आमच्या वाडीत सांगितलं, तर चुलतभावाने त्याचा फोन पुढे केला. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची फाइल, शेवटी एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल. तो दाबायच्याच बेतात होता. खऱ्या चलानासोबत असली फाइल येत नाही. ती इन्स्टॉल झाली की फोनमधले ओटीपी आणि खातं दुसऱ्याच्या हातात. असं झालंच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, पैसे पुढे सरकायच्या आत.

आमचं तसं नव्हतं, आमचा चोर ओळखीचा. पोलीस ठाण्यात मी "चारशेवीस लावा" म्हटलं, तर अंमलदार म्हणाले, आता 420 नाही, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318. माझ्या नऊ हजारांचा पुरावा फोनमध्ये होता. बाबांच्या साडेनऊ हजारांना कागद नाही, सगळं रोख. ठाण्यातून फोन गेल्यावर त्याने सहा हजार आणून दिले, बाकीचे पुढच्या महिन्यात म्हणाला. असे तीन पुढचे महिने झाले.

पावती पुरावा म्हणून जमा करून घेतली. अंमलदार ती अर्जाला स्टेपलर मारायला बघत होते, पण लॅमिनेशन जाड, पिन वाकायची. बाबा बाजूला उभे होते. म्हणाले, "चांगला जाड मारून घेतललंय, तीस रुपये घेतल्यान."